ठकीच्या तारखा

२६ जुलै १९५४, सोमवार

आज एकाच पिशवीतून टाकळा आणि संकट दोन्ही घरी आणलं.

नौपाड्यामागच्या शेताच्या बांधावर टाकळा खुडायला गेले होते. तिथं एका कुत्र्यानं गवतात धुमाकूळ घातला, कसलीशी पाखरं उडाली आणि पाण्याकडेला एवढंसं पिल्लू एकटं राहिलं. काळं, पांढऱ्या पट्ट्यांचं, चोच चपटी. कुत्र्याला छत्रीनं हाकललं आणि आई परत येईल म्हणून बांधावर बसून राहिले. लुगडं भिजलं, पण आई आली नाही. कुत्रं मात्र दोनदा आलं. शेवटी पिल्लाला टाकळ्यात गुंडाळलं आणि निघाले.

घरी हे पेपर वाचत होते. हे म्हणजे आमचे यजमान. नाव लिहिताना अजून हात अडखळतो. त्र्यंबक. लिहिलं एकदाचं. यांनी जन्मभर रेल्वेत तिकिटं तपासली. माझ्या सख्ख्या भावालासुद्धा विनातिकीट सापडला म्हणून दंड केला होता, आणि वर घरी आणून जेवू घातलं. पिशवीतून चोच बाहेर आलेली पाहिली आणि पेपर खाली न ठेवताच म्हणाले, हे कुणाचं?

मी म्हटलं, देवाचं.

म्हणाले, देवाची पावती आहे का?

२७ जुलै

पिल्लाचं नाव ठकी ठेवलं. रात्रभर टोपलीत चिंधीच्या बाहुलीसारखी निपचित होती आणि सकाळी यांच्या कोटाच्या खिशात सापडली. ठकी हेच नाव शोभतं.

वरच्या मजल्यावर उत्तमराव बिऱ्हाडकरू आहेत. सचिवालयात कारकून, पण चालतात मंत्र्यासारखे. जिन्यावरून ठकीला पाहून जागच्या जागी थबकले. म्हणाले, "काकू, हा गुन्हा आहे. रानातल्या पशुपक्ष्यांचा नवा कायदा झालाय. परवान्याशिवाय रानपाखरू पकडायचं नाही, ठेवायचं नाही."

इंग्रजाचा कायदा असता तर मी चुलीत घातला असता. मिठाचा कायदा मोडून माझा भाऊ तुरुंगात गेला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. पण आता कायदा आपला. आपल्याच घरात चोरी कशी करायची? माझ्या जिवाला घोर लागला.

यांनी निकालच देऊन टाकला. जे कायद्यात बसत नाही ते या घरात बसणार नाही, आजच्या आज सोडून ये. मी विचारलं, कुठं सोडू, कुत्र्याच्या तोंडात? तर पेपरचं पान उलटलं.

शेवटी तोड निघाली. शेजारचे हरिहरभाऊ कोर्टात शिरस्तेदार होते, हल्लीच निवृत्त झाले. त्यांनी कायदा बघून ठरवायचं आणि ते म्हणतील ते दोघांनी ऐकायचं. ठेवा म्हणाले तर हे पुन्हा चकार शब्द काढणार नाहीत. सोडा म्हणाले तर मी डोळ्यांत पाणी आणणार नाही. देवापुढे सुपारी ठेवून कबूल केलं.

२८ जुलै

ठकी काही खाईना. मऊ भात दिला, दूधपोहे दिले, शेवटी साजूक तूप घातलं. ती त्यात पाय घालून उभी राहिली.

चर्चमागच्या गल्लीत बिट्रिस राहते. ती बदकं पाळते, अंडी विकते. माझी जुनी मैत्रीण. तिच्या अंगणातला आंबा दरसाल लोणच्याला माझ्याकडे येतो. ठकीला तळहातावर घेतलं आणि हसत सुटली. "मालनबाय, ही अडई हाय, तलावातला बदक. रानची हाय. ही शीळ घालते, झाराव बसते. आनि तू तिला तूप देतंस?"

मग काय देऊ, विचारलं. म्हणाली, शेवाळ, भिजवलेला कोंडा, आणि किडे. गांडूळ मिळालं तर तिची दिवाळी.

चातुर्मास बसला आहे. मी कांदासुद्धा सोडला आहे. आणि आज तिन्हीसांजेला, परसात, कुणी बघत नाही असं पाहून, कोळशाच्या चिमट्यानं गांडुळं काढली. डोळे मिटून काढली, म्हणून अर्धी निसटली. प्रत्येकाला मनात म्हटलं, बाबा, माझा इलाज नाही. ठकीनं मात्र अशी गिळली की शेवया वाटाव्यात.

नंतर पुन्हा आंघोळ केली. हे म्हणाले, दुसऱ्यांदा? मी म्हटलं, उकडतंय. बाहेर धो धो पाऊस.

१ ऑगस्ट, रविवार

पहिली तारीख. हरिहरभाऊ कोट घालून, उपरणं घेऊन आले. ओसरीवर पाट मांडला. मी साधं विचारायला बसले होते, ठेवता येतं की नाही, हो की नाही. पण त्यांनी जन्म कोर्टात काढलेला. म्हणाले, वहिनी, कोर्टात प्रश्नाला उत्तर नसतं, प्रश्नाला तारीख असते. आधी कोर्टफी आणा.

कोर्टफी म्हणजे काय, तर त्यांना आत तळत असलेल्या अळूवड्यांचा वास आला होता. त्यांच्या पत्नी प्रमोदिनीवहिनी वारल्यापासून त्यांच्याकडे स्वयंपाकाला बाई येते. ती वांग्याला आणि दुधीला एकच चव आणते. असो. बशी भरून वड्या दिल्या.

त्यांनी कायद्याचं पुस्तक आणलं होतं. पहिलंच पान वाचलं, मिटलं, चष्मा पुसला, आणि बराच वेळ ठकीकडे बघत बसले. मग म्हणाले, मुद्देमाल हजर करा. ठकीला मांडीवर घेऊन तिचा पंख बोटानं उचलून पाहिला. पंख कसला, ओल्या कापसाचा बोळा.

म्हणाले, कायदा पक्ष्यांचा आहे. ज्याला पंख नाहीत तो पक्षी आहे, हे सिद्ध करायला पुरावा लागेल. पंख फुटल्यावर मुद्देमाल पुन्हा हजर करा. तोवर जैसे थे.

हे म्हणाले, म्हणजे ठेवायची?

"म्हणजे काही नाही, त्र्यंबकराव. म्हणजे तारीख."

यांनी कायद्यापुढं मान तुकवली. मी अळूवड्यांना मनोमन नमस्कार केला. पण इतक्या शिकल्या-सवरल्या माणसाला पिल्लू पक्षी की काय हे कळू नये? पुस्तकी विद्या ती पुस्तकी विद्याच.

१५ ऑगस्ट, रविवार

सकाळी झेंडावंदन. कोर्टाला सुटी असं हरिहरभाऊ स्वतःच म्हणाले, पण फी घ्यायला आले. फी शिऱ्याची होती. सुटी असूनही ठकीचा पंख मात्र त्यांनी खासगीत उचलून पाहिला. कापसातून काळ्या सळ्या फुटल्या आहेत.

ठकी आता कोंबडीएवढी नाही, पण कोंबडीपेक्षा आगाऊ. माझ्या मागं मागं स्वयंपाकघरात येते. न्हाणीघरातल्या घंगाळात उतरते आणि मालकिणीसारखी बसून राहते. हे आंघोळीला गेले की बाहेर ओरडतात, आटपलं का तिचं?

२० ऑगस्ट, शुक्रवार

आज गहजब झाला. उत्तमरावांचा नवा पंपशू जिन्यात होता आणि ठकी त्यात झोपली. नुसती झोपली असती तर गोष्ट वेगळी. उत्तमरावांनी पाय घातला आणि मग मोजा काढून नाकाशी नेला. तसेच ताडताड चौकीवर गेले.

मी ठकीला परकराच्या कापडात गुंडाळून मागच्या दारानं बिट्रिसकडे पळाले. या वयात पळाले, लोकांनी बघितलं. बिट्रिसनं ठकीला आपल्या बदकांत सोडून दिलं आणि म्हणाली, "सांगून ठेवते, मी खोटा बोलनार नाय. रविवारी मिस्साला जायचंय मना."

थोड्या वेळानं शिपाई लोकांना विचारत तिथं आला. बिचारा घामाघूम, वयस्क. विचारलं, इथं रानटी बदक कुठलं?

बिट्रिस म्हणाली, ह्या आवारात हायत ती सगली बदका माजीच दानं खातान. हे अक्षरशः खरं होतं.

तेवढ्यात कारटी ठकी सगळ्या पांढऱ्या बदकांतून फडफडत निघाली आणि खुराड्याच्या छपरावर चढून बसली. तपकिरी, लांब मानेची. वर शीळ घातली.

शिपायानं मान वर केली. चांगलं निरखून पाहिलं. मग माझ्या हातातल्या परकराच्या कापडाकडे पाहिलं. आणि म्हणाला, "तो कावळा दिसतोय. बाकी सगळी पांढरीच आहेत. कळवतो तसं." बिट्रिसनं त्याला पाणी दिलं, दोन अंडी दिली. अंडी घेतली नाहीत, पाणी प्यायला.

मला त्याची फार दया आली. पोलिसात राहून नजर इतकी अधू. जाताना त्याला सांगितलं, रोज सकाळी डोळ्यांवर थंड पाण्याचे हबके मारत जा. हो म्हणाला. चांगला माणूस.

२२ ऑगस्ट, रविवार

दुसरी तारीख, उत्तमराव स्वतःहून हजर. हात नाचवून कलमं सांगायला लागले. हरिहरभाऊंनी थालीपिठाचा घास गिळेपर्यंत त्यांना बोलू दिलं. मग शांतपणे विचारलं, की हे प्रकरण चालू असल्याचं तुम्हाला माहीत होतं का?

उत्तमराव म्हणाले, कुठं चालू आहे?

"इथं. आणि चालू प्रकरणात बाहेर वाच्यता केलीत, चौकीवर गेलात. सचिवालयातल्या माणसानं. वरिष्ठांना कळलं तर काय म्हणतील?"

उत्तमरावांचा चेहरा पडला. सरकारी माणसाला 'वरिष्ठ' म्हटलं की गोगलगाईवर मीठ टाकल्यासारखं होतं. जाताना मलाच म्हणाले, काकू, माझं नाव कुठं घेऊ नका. मी त्यांना थालीपीठ दिलं. वर दही दिलं. माणूस वाईट नाही, पंपशू वाईट वेळी काढून ठेवला एवढंच.

आजचा मुद्दा असा निघाला की पाखरू पकडलं की सापडलं. हरिहरभाऊंनी मला उलटतपासणीत विचारलं, ठकी तुमच्या मागं येते की तुम्ही तिच्या? मी म्हटलं, ती माझ्या मागं येते. म्हणाले, मग कुणी कुणाला पकडलंय हा गहन प्रश्न आहे. पुढली तारीख.

मला आता राग यायला लागला आहे. माझ्या मानेवर सुरी ठेवलेली आणि हे गृहस्थ दह्यात बोट फिरवतात. एकदा 'ठेवा' म्हणून टाकलं तर काय बिघडतं?

३ सप्टेंबर

दीड दिवसाचे गणपती काल गेले. आरतीत ठकीनं अशी शीळ लावली की समोरच्या सुमतीबाई गल्लीतल्या पोरांना शिव्या घालत बाहेर आल्या. शीळ कोण घालतं ते मी सांगितलं नाही. हे टाळ वाजवता वाजवता भिंतीकडे तोंड करून उभे होते, खांदे हलत होते. भक्तीनं गहिवरून आलं असेल.

आज पहाटे हे परसात उकिडवे बसून चिमट्यानं माती उकरत होते. काय करता विचारलं, तर म्हणाले, गुलाबाच्या मुळाशी माती भुसभुशीत करतोय. आमच्याकडे गुलाब कधी लावला मला आठवत नाही. वय झालं, विसरायला होतं.

ठकीचं मात्र पोट सकाळीच भरलेलं होतं.

११ सप्टेंबर

आज ठकी परसातून उडाली आणि थेट न्हाणीघराच्या कौलांवर जाऊन बसली. मी खालून हाका मारल्या. आली, पण सावकाश, आपल्या मर्जीनं.

बिट्रिसला विचारलं. म्हणाली, ठेवायची असेल तर आताच एका बाजूच्या पंखाची पिसं काप. दुखत नाय, नखं कापल्यासारखं. मग कुठं जाते? परसात फिरेल जन्मभर.

जन्मभर हा शब्द डोक्यात घोळतो आहे. आमची लेक नीला डोंबिवलीला सासरी गेली तेव्हापासून या घरात मागं मागं फिरणारं कुणी नव्हतं. सणाला येते, पण तिचंही आता घर झालं.

कात्री काढून ठेवली. ठकी मांडीवर चढून झोपली, चोच पंखात खुपसून. पिसं मऊ, कडा तांबूस. कात्री हातात घेतली, खाली ठेवली. पुन्हा घेतली. मग वाटलं, उद्या रविवार आहे. प्रकरण चालू असताना कोर्टाला न विचारता कसं कापायचं?

१२ सप्टेंबर, रविवार

विचारलं. हरिहरभाऊ पुरणपोळीचा तुकडा हातात घेऊन थांबले. मी त्यांना रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"वहिनी, प्रकरणाचा निकाल लागायच्या आत मुद्देमालात फेरफार करायचा नसतो. एका पिसाला कात्री लागली तर मी हे काम सोडून देईन. आणि मग निकाल त्र्यंबकराव देतील."

यांच्याकडे बघितलं. हे उठले. कात्री उचलून आत नेऊन ठेवली, एवढंच.

कायद्याला काळीज नसतं म्हणतात ते काय खोटं? मी रागानं दुसरी पोळी वाढली नाही. हरिहरभाऊंनीही मागितली नाही. ठकीचा पंख दोन्ही हातांनी उघडून उन्हाकडे धरून पाहिला. एकेक पीस नजरेनं चाचपलं. मग हळूच मिटवला आणि म्हणाले, अजून एखादी तारीख.

१९ सप्टेंबर, रविवार

आज मी बोलले. फी पुढं ठेवली नाही आणि बोलले. म्हटलं, हरिहरभाऊ, तुम्ही आमच्या घरचे, म्हणून इतके दिवस गप्प बसले. तुम्हाला निकाल द्यायचा नाही, तुम्हाला जेवायचं आहे. जेवायला रोज या, नाही कोण म्हणतं? पण माझ्या ठकीचं काय ते सांगून टाका. मला कायद्यानं तिला घरची म्हणायचं आहे. चोरून नको.

त्यांनी उपरण्याची घडी घातली. मग म्हणाले, "पुढल्या रविवारी निकाल. नक्की."

उठून गेले, न खाता. मला रात्री जेवण गेलं नाही. साखरभात होता, त्यांच्या आवडीचा.

२४ सप्टेंबर

संध्याकाळी आकाश स्वच्छ होतं. ठकी कौलांवर होती. खाडीकडून एक थवा आला, शिळा घालत, अगदी घरावरून. ठकीनं मान ताणली आणि उत्तर दिलं. एकदा माझ्याकडे पाहिलं असं मला वाटतं. हे म्हणतात, ती माझ्याकडे पाहत होती. मग उडाली. पहिल्यांदा जरा वाकडी, मग सरळ, मग थव्यात. कोणती ती ठकी ते थोडा वेळ कळत होतं, नंतर कळेना.

हे टॉवेल खांद्यावर टाकून अंगणात उभे राहिले. अंधार पडला तरी उभे. मी आत या म्हटलं नाही.

घंगाळात पाणी भरून ठेवलं आहे. उगीच.

२६ सप्टेंबर, रविवार

हरिहरभाऊ कोट घालून आले. त्यांना सांगायची गरज पडली नाही, कौलं रिकामी दिसत होती. पाटावर बसले, चष्मा लावला आणि नेहमीच्या सुरात म्हणाले, "मुद्देमाल स्वतःच्या पंखांनी हजर राहण्याच्या पलीकडे गेला आहे. ठेवण्याचा गुन्हा राहिला नाही, परवान्याची गरज राहिली नाही. दावा निकाली."

मी विचारलं, पण निकाल काय होता? माझ्या बाजूचा की विरुद्ध? सांगा, मी डोळ्यांत पाणी आणणार नाही.

"विरुद्ध होता, वहिनी. पहिल्या दिवशी पहिलं पान वाचलं तेव्हाच."

माझा तर संताप झाला. पहिल्या दिवशी माहीत होतं? मग अळूवड्या, शिरा, थालीपीठ, पुरणपोळी, इतक्या तारखा कशासाठी? मी हे तोंडावर विचारलं. ते खाली बघून हसले. कोर्टातली माणसं अशीच. खाऊनपिऊन वर हसायचं.

हे मात्र माझ्यासारखे चिडले नाहीत. हरिहरभाऊंकडे टक लावून पाहत राहिले. मग उठून आत गेले आणि स्वतःच्या हातानं साखरभाताचं ताट वाढून आणलं. यांनी आजवर कुणाला ताट वाढलेलं मी पाहिलं नव्हतं. भात डोंगराएवढा घेतला होता, वर तुपाची वाटी उपडी.

हरिहरभाऊ जेवले. हात धुतला. कोटाची बटणं लावली. दारापाशी जाऊन थांबले, जसं काही विसरलं असावं. रविवार संपला होता आणि त्यांना पुढला रविवार कशाला यायचं ते सुचत नव्हतं.

तेव्हा हे म्हणाले, "हरिहरराव, निकालाविरुद्ध अपील असतं ना?"

"असतं. पण अपील कोण करणार? वहिनी?"

"मी."

मी यांच्याकडे बघतच राहिले. हे पेपरची घडी नीट करत होते, कुठंही न बघता. म्हणाले, पाखरू आपल्या पायांनी परत आलं, कौलावर बसलं, घंगाळात उतरलं, तर ते ठेवलं असं होतं का, याचा आधीच सोक्षमोक्ष लागलेला बरा. ऐन वेळी घोळ नको.

हरिहरभाऊ परत आत आले. पाटावर बसले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि गंभीरपणे म्हणाले, मुद्दा गहन आहे, एका तारखेत व्हायचा नाही.

मी उद्यासाठी अळूची पानं बघायला परसात गेले. पण उद्या सोमवार. पानं रविवारपर्यंत राहू दिली.